पहाटे साडेपाचला उठून अभ्यास: शिस्त टिकवायची कशी?

आडवाट:
नोकरी सांभाळून एमपीएससीचा अभ्यास करायचा आहे. सकाळी साडेनऊला घर सोडावं लागतं, परतायला संध्याकाळचे साडेसात होतात. त्यामुळे पहाटे ५:३० ते ७ हाच काय तो हक्काचा वेळ. सध्याची झोप रात्री १२:३० ते सकाळी ७:३०. गजर लावून तीन-चार दिवस जमतं, मग घडी विस्कटते. ‘मन घट्ट करा’ सोडून सांगा. कोणत्या क्रमाने काय करायचं? घरात टीव्ही अकरापर्यंत चालू असतो, तेही धरून चाला.

उंबरठा:
झोपायची वेळ तीच ठेवून गजर एकदम दोन तास अलीकडे आणला की हे होणारच. रोज दोन तासांची उधारी, चार दिवसांत आठ तास थकले. मग शरीर वसुली करतं. यात मनाच्या दुबळेपणाचा काही संबंध नाही.

गजर १५ मिनिटांनी अलीकडे आणा, त्या वेळेवर चार दिवस थांबा, मग पुढची १५ मिनिटं. ७:३० वरून ५:३० पर्यंत आठ टप्पे होतात, म्हणजे साधारण महिनाभर. आधी उठायची वेळ पक्की करा. झोपायची वेळ तिच्या मागून सरकते. उलटं करायला गेलात तर नुसतं अंथरुणात कूस बदलत पडणं होतं. प्रौढ माणसाला निदान सात तास झोप हवी, तेव्हा शेवटच्या टप्प्यात रात्री १०:३० ला दिवा बंद व्हायलाच हवा. एवढी झोप देता येत नसेल तर साडेपाचचा हट्ट सोडा, सहाला उठा.

उठल्याबरोबर उजेड हवा, कारण शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं. जानेवारीत मुंबई-पुण्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणून साडेपाचला खोलीतली ट्यूब लावा (टेबललॅम्प पुरत नाही) आणि उजाडल्यावर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर किंवा गॅलरीत जा. रात्री साडेनऊनंतर याच्या उलट, मोठे दिवे बंद.

चहाकडेही बघा. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. घरी आल्यावर साडेसातला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन साडेबाराला अंगात असतं. शेवटचा कप ऑफिसात, चारच्या आत.

आणि रविवार! बहुतेकांची घडी तिथेच मोडते. रविवारी नऊला उठलं की रात्री झोप लागत नाही आणि सोमवारचा गजर वाया जातो. सुट्टीला फार तर तासाभराची सूट द्या. फारच पेंग आली तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटं आडवं व्हा.

कोरापान:
वरचं सगळं झोपेचं झालं. उठल्यानंतरची पहिली दहा मिनिटंही तितकीच घातक असतात. माणूस उठतो, ‘आज काय वाचू’ म्हणून मोबाइल हातात घेतो आणि सव्वासहा वाजतात. अर्धवट जागेपणी काही ठरवायची वेळच येऊ देऊ नका.

रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं टेबलावर द्या. पुस्तक नेमक्या पानावर उघडून ठेवा, वर पेन आडवं. शेजारी कागदावर एकच ओळ: ‘राज्यघटना, मूलभूत हक्क, कलम १४ ते १८, नंतर दहा प्रश्न.’ नुसतं ‘पॉलिटी’ लिहिलं तर सकाळी पुन्हा शोधाशोध. पाण्याचा तांब्या टेबलावर. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, गजराला साधं घड्याळ, तेही उठून चालत जावं लागेल इतक्या अंतरावर.

अभ्यास आधीच्या एखाद्या पक्क्या कृतीला जोडा: ‘दात घासून झाले की खुर्चीत बसायचं.’ पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा ‘अमुक झालं की तमुक’ पद्धतीच्या संकल्पांवर बरंच काम केलं आहे. ‘रोज अभ्यास करीन’ या मोघम निश्चयापेक्षा असा संकल्प जास्त पाळला जातो.

आडवाट:
दोघांचेही आभार. सवय लागायला २१ दिवस लागतात म्हणतात. एखादा दिवस बुडला तर ते पुन्हा पहिल्यापासून मोजायचे का?

कोरापान:
मुळीच नाही. २१ चा आकडा एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून आला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या रूपाची सवय व्हायला निदान एवढे दिवस लागतात, असं त्याचं म्हणणं होतं. त्यातला ‘निदान’ पुढे गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ९६ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं दिसलं, पण माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवसांचा होता. जेवताना पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर बसते, व्यायामाला जास्त वेळ लागतो. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नव्हता.

म्हणून वाईट दिवसासाठी किमान माप आधीच ठरवा. ताप नसेल तर खुर्चीत बसून दहा प्रश्न, बस्स.

दुसरीपाळी:
थोडा वेगळा मुद्दा. काहींचं शरीर मुळातच उशिरा जागणारं असतं. सगळे टप्पे नीट पाळून, सात तास झोपूनही सहा आठवड्यांनंतर पहाटे डोकं जड राहत असेल तर वेळ बदला. रात्री ८:४५ ते १०:१५ हीसुद्धा शिस्तच आहे, फक्त जेवण त्याआधी उरकायला हवं.

टीव्हीबद्दल घरच्यांशी आताच बोला. ‘आवाज कमी करा’ अशी रोजची कुरबूर टिकत नाही. ‘परीक्षेपर्यंत दहानंतर टीव्ही हेडफोनवर’ असं एकदाच, तारीख सांगून ठरवा. जेवणं साडेआठला आटोपली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, कारण बहुतेक घरांत टीव्ही जेवणाबरोबर सुरू होतो आणि उशिरा जेवलं की तो लांबतो. गणपती, लग्नकार्य, गावी जाणं यात तीन-चार दिवस बुडणारच. परतल्यावर उठायची वेळ लगेच जुनीच धरा, अभ्यास मात्र दोन दिवस निम्माच ठेवा. राहिलेलं भरून काढायला पहिल्याच रात्री बारापर्यंत जागलात तर दुसऱ्या दिवशीची पहाट गेली.