सतरा कामांची यादी

बी-४०२: मंडळी, जरा सल्ला हवा. गाडी सर्व्हिसिंगला नेली होती, त्यांनी १७ कामांची यादी हातात ठेवली. सगळं करायचं म्हटलं तर माझा दोन महिन्यांचा पगार जाईल. हातात त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा आहे. गाडी पेट्रोल, मॅन्युअल गिअर, १२ वर्षांची, मीटर १,६२,४०० किमी. मीटर १,०५,००० वर असताना दुसऱ्याकडून घेतली होती.

बी-४०२: यादी अशी: इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, एसी फिल्टर, इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, स्पार्क प्लग, पुढचे ब्रेक पॅड, पुढच्या डिस्क, ब्रेक ऑइल, कूलंट, क्लच सेट, "सस्पेन्शन पूर्ण", चारही टायर, बॅटरी, टॅपेट कव्हर पॅकिंग, एसी डिसइन्फेक्शन.

बी-२०१: विकून मोकळे व्हा. एवढा खर्च म्हणजे गाडीची निम्मी किंमत झाली.

सी-३०२ ताई: आणि मग दुसरी आणायची ती कशाने? गाडी किती जुनी आणि विकली तर किती येतील याच्याशी रिपेअरचा खर्च ताडून बघू नका. दुसऱ्या गाडीच्या हप्त्याशी बघा. या खर्चात वर्षभर बिनघोर चालली तर महिन्याला किती पडलं, एवढाच हिशोब. माझी २,४०,००० किमीला आली आहे, अजून रोज जाते.

बी-२०१: तुमची गोष्ट वेगळी ताई, तुम्ही गाडीच्या कामांची वही ठेवता.

सी-३०२ ताई: वही कुणीही ठेवू शकतं.

ए-१०३ काका: मी सांगतो. जुन्या इंजिनाला जाड ऑइल टाका आणि फ्लश मारून घ्या, आतला सगळा गाळ निघून जातो. इंजिन नवं होतं.

सी-३०२ ताई: काका, गाळ सुटतो हे खरं, पण सुटून जातो कुठे? एवढ्या वर्षांचा थर एकदम सुटला तर ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी तुंबली की ऑइलचं प्रेशर गेलं आणि मग बेअरिंग. आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं, कुणाला माहीत नाही, अशा गाडीला फ्लश नकोच. त्यापेक्षा पुढची दोन ऑइल थोडी लवकर बदला, घाण हळूहळू आपोआप निघते. आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच.

ए-१०३ काका: आमच्या वेळी जाडच टाकायचे.

सी-३०२ ताई: तुमच्या वेळची इंजिनंही वेगळी होती काका. बी-४०२, यादी जरा बाजूला ठेवा आणि खाली जाऊन काही गोष्टी बघून या. इंजिन थंड आहे ना? गाडी सपाट जागेवर आहे ना? ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत घाला, मग लेव्हल बघा. कूलंटच्या डब्यात पातळी किती आणि रंग कसा ते बघा. रेडिएटरचं झाकण गाडी गरम असताना चुकूनही उघडू नका. टायरच्या कडेला एका चौकटीत चार आकडे असतील, ते वाचा. पुढच्या चाकाच्या आत बघितलंत तर ड्राइव्ह शाफ्टवर रबरी बूट दिसेल, तो फाटलाय का बघा.

अ‍ॅडमिन: गाड्यांच्या चर्चेसाठी वेगळा ग्रुप केलेला आहे, कृपया तिकडे.

बी-२०१: त्या ग्रुपवर तुम्ही आणि मी दोघेच आहोत.

बी-४०२: आलो बघून. ऑइल खालच्या खुणेच्या किंचित वर. दोन महिन्यांपूर्वी वरच्या खुणेला होतं, म्हणजे थोडं खातेय. कूलंट मळकट तपकिरी, पण पातळी बरोबर. पुढच्या टायरांवर १४१७, मागच्यांवर ३२२१. पुढच्यांच्या कडेला बारीक भेगा आहेत. बूट दोन्ही शाबूत. सायलेन्सरमधून सकाळी सुरू करताना निळसर धूर दिसतो, नंतर जातो.

सी-३०२ ताई: सकाळी सुरू करतानाच निळसर आणि लगेच बंद, म्हणजे बहुधा व्हॉल्व्ह सील म्हातारी झालीत. त्याच्यामागे आत्ता लागू नका. दर १,००० किमीला पट्टी बघा आणि लागेल तेवढं भरा. पातळी खालच्या खुणेखाली जाऊ दिलीत तर मात्र इंजिन जाईल. भर घालायला थोडं ऑइल डिकीत ठेवा, तेवढ्यात भागतं.

सी-३०२ ताई: १४१७ म्हणजे २०१७ सालचा १४ वा आठवडा. भेगाही पडल्यात, ते दोन बदला. मागचे ठीक असतील तर राहू द्या. चारच्या चार कशाला?

ए-१०३ काका: आणि नवे पुढे टाका. ओढणारी चाकं पुढची, ब्रेकचा भारही पुढे.

सी-३०२ ताई: नवे मागे, काका. मागचे पुढे आणा. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जात राहते, पाय काढला की सावरते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते, आणि ती आपल्यासारख्याला सावरता येत नाही. टायर कंपन्यासुद्धा हेच सांगतात.

ए-१०३ काका: हे मला पटत नाही.

ए-१०३ काका: पण मुलाने आत्ता फोनवर शोधून दाखवलं. तसंच लिहिलंय.

बी-४०२: क्लचचं काय? सगळ्यात मोठा आकडा तोच आहे.

डी-५०१: क्लच रिकाम्या रस्त्यावर तपासा. चौथ्या गिअरमध्ये, वेग कमी असताना अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी तशी धावली नाही, तर प्लेट घसरतेय. आवाज आणि वेग बरोबरीने वाढले तर अजून दम आहे. पेडल अगदी वर आल्यावर पकडत असेल तर पैसे बाजूला टाकायला लागा, पण आजच्या आज नको.

बी-४०२: पकडतो थोडा वर, पण घसरत नाही. परवाच घाट चढलोय.

डी-५०१: मग खोडा त्यावर रेघ. क्लच जातो तेव्हा बराच आधी सांगून जातो.

सी-३०२ ताई: मी नेमकं हेच बघते. बिघडण्याआधी सांगतं काय, आणि न सांगता जातं काय? बॅटरी सांगते, गेली तरी फार तर गाडी पार्किंगमध्ये अडकेल. किती जुनी आहे?

बी-४०२: चार वर्षं. काल मीटरने मोजली, १२.४ व्होल्ट.

सी-३०२ ताई: चालेल. गाडी सुरू असताना १४ च्या आसपास दाखवतेय का तेही बघा, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. जम्पर केबल घेऊन ठेवा. पण ब्रेक पॅड कराच. आणि ब्रेक ऑइल न विचारता करा. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरला की १५५ वर येऊ शकतं. घाट उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. पॅडचं काम चाललेलं असतं तेव्हाच ते होऊन जातं.

बी-४०२: आणि डिस्क?

सी-३०२ ताई: मोजल्यात का त्यांनी? डिस्कवरच किमान जाडी कोरलेली असते. "मोजून आकडा सांगा" म्हणा. त्या आकड्याच्या वर असतील आणि ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरत नसेल तर राहू द्या.

बी-४०२: "सस्पेन्शन पूर्ण" याचा अर्थ काय लावायचा?

डी-५०१: अर्थ एवढाच की त्यांनी गाडी नीट वर उचलून बघितली नाही. कोणता भाग, कुठल्या बाजूचा, हे विचारा. तुमच्यासमोर चाक उचलून वरून-खालून धरून हलवायला लावा. बॉल जॉइंट ढिला असेल तर तो आजच, तो निसटला तर चाक आडवं पडतं. बुशला नुसत्या भेगा असतील, खडखड होत असेल तर ती सहन करा. तुम्ही स्वतः नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका.

बी-२०१: इंजेक्टर, थ्रॉटल, एसी डिसइन्फेक्शन?

सी-३०२ ताई: गाडी झटके देते का? नाही? मग तिन्ही नको.

डी-१०४: नमस्कार, मी इथे फारसं लिहीत नाही. यादी तीनदा वाचली. यात टायमिंग बेल्ट कुठे आहे?

बी-४०२: तो काय?

डी-१०४: इंजिनात क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडून ठेवणारा दातेरी पट्टा. काही इंजिनांत त्याजागी चेन असते, तिला अशी ठरलेली मुदत नसते. पट्टा असेल तर मॅन्युअलमध्ये किमी आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी येईल ते. माझा तुटला होता. आवाज नाही, दिवा नाही, काही नाही. सरळ रस्त्यावर इंजिन गप्प झालं आणि मी कडेला घेतली. मला वाटलं पेट्रोल संपलं. व्हॉल्व्ह उघडे राहिले, पिस्टन वर येऊन त्यांच्यावर आदळले, आठ व्हॉल्व्ह वाकले. हेड उघडावं लागलं. तुमच्या आख्ख्या यादीपेक्षा जास्त खर्च एका पट्ट्याने केला.

सी-३०२ ताई: अरे देवा. हे मीच आधी विचारायला हवं होतं. माझ्या गाडीला चेन आहे, म्हणून डोक्यातच आलं नाही.

बी-४०२: मॅन्युअल काढलं. बेल्टच आहे. १,००,००० किमी लिहिलंय. आधीच्या मालकाने बदलला की नाही, काही कागद नाही.

डी-१०४: कागद नाही म्हणजे बदलला नाही असं धरा. कधी कधी मेकॅनिक बेल्टच्या कव्हरवर किंवा बॉनेटखाली तारीख आणि किमीचं स्टिकर लावतात, ते शोधा. नसेल तर कव्हर उघडून बघायला सांगा. बदलताना पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंपही त्याच वेळी, कारण पुष्कळ गाड्यांत पंप त्याच पट्ट्यावर फिरतो. नंतर पंप गळला तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्याल. आणि पंप काढला की कूलंट काढावंच लागतं, म्हणजे ते कामही त्यातच आलं.

बी-४०२: म्हणजे बेल्ट, पंप, कूलंट. पॅड आणि ब्रेक ऑइल. दोन टायर. इंजिन ऑइल. हे बसतंय बजेटमध्ये, अगदी काठावर. एअर फिल्टर आणि एसी फिल्टर मी स्वतः टाकतो. प्लग?

सी-३०२ ताई: साधे असतील तर ३०-४० हजार किमीत संपतात, इरिडियम लाखभर किमी जातात. कुठले आहेत ते काढल्याशिवाय कळणार नाही.

ए-१०३ काका: प्लगचा पाना आहे माझ्याकडे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर काढा. बसवताना आधी हाताने आटे धरा, लगेच पाना लावू नका, नाहीतर हेडचे आटे जातील. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलंय का तेही बघा, म्हणजे टॅपेट कव्हरचं पॅकिंग आत्ता करायचं की थांबायचं ते कळेल.

सी-३०२ ताई: काका, हे एकदम बरोबर.

ए-१०३ काका: जाड ऑइलचंही बरोबरच होतं.

*दुसऱ्या दिवशी*

बी-४०२: प्लग साधे निघाले, टोकं झिजून गोल. बदलले. खड्डे कोरडे, पॅकिंग थांबेल. डिस्क मोजायला लावल्या, किमान जाडीपेक्षा जास्त भरल्या. सस्पेन्शनमधला एकच लिंक रॉड वाजतोय, पुढच्या पगाराला बघू.

बी-४०२: आणि बेल्टचं कव्हर उघडलं. कडेचे धागे सुटलेत, पाठीवर आडव्या भेगा. स्टिकर वगैरे काही नाही. यादीत का नव्हतं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही बोलला नाहीत."

डी-१०४: माझाही तुटण्याआधी असाच दिसत असणार. फरक एवढाच की मी बघितला नव्हता.

बी-४०२: गाडी बुधवारपर्यंत तिकडेच आहे. सकाळी स्टेशनच्या बाजूला कुणी जातं का?

ए-१०३ काका: सात वीसला खाली या. येताना पाना घेऊन या.