दहा इंची जुन्या नेटबुकवर लिनक्स: मराठी टंकलेखनापुरते चालेल का?

प्रश्न (डिचोली)

नमस्कार. माझ्याकडे २००९ साली घेतलेले एक दहा इंची नेटबुक आहे. त्यात इंटेलचा अ‍ॅटम एन२७० हा १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, १ जीबी रॅम आणि १६० जीबीची हार्ड डिस्क असून पडदा १०२४ बाय ६०० चा आहे. त्यावर विंडोज एक्सपी होती. तिची देखभाल २०१४ च्या एप्रिलमध्ये थांबल्यापासून मी ते इंटरनेटला जोडले नाही, आणि गेली सात-आठ वर्षे तर ते कपाटातच पडून आहे.

ते आता बाहेर काढण्याचे कारण सांगते. माझ्या वडिलांनी आमच्या वाड्यावरच्या आरती मंडळासाठी चवथीच्या आरत्या, पदे आणि अभंग तीन जाड वह्यांत लिहून ठेवले आहेत. कागद पिवळे पडले असून एका वहीची कड वाळवीने खाल्ली आहे, आणि पुढचा पावसाळा त्या वह्या काढतील असे मला वाटत नाही. मी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे, वेळ आहे, हे सारे युनिकोड मराठीत उतरवून ठेवावे अशी फार इच्छा आहे. मुलाचा लॅपटॉप दिवसभर त्याच्याच कामात असतो. शिवाय तालमीच्या वेळी घुमट हे वाद्य वाजवणाऱ्यांच्या शेजारी बसून एखाद्या जुन्या जाणत्याला शब्द विचारत विचारत लिहायचे, तर मांडीवर मावणारे यंत्रच बरे.

मुलाने उबुंटूची, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या कार्यप्रणालीच्या एका प्रकाराची, सध्याची आवृत्ती पेनड्राइव्हवर घालून दिली होती, पण नेटबुक सुरू करताच काळ्या पडद्यावर एकच वाक्य उमटते: या कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ६४-बिट प्रोसेसर लागतो, येथे आय६८६ आढळला. त्यापुढे काहीच होत नाही. या यंत्रावर चालेल असे लिनक्स अजून मिळते का, आणि मिळाले तर त्यावर नीट मराठी लिहिता येईल का, हे कृपया कळवावे.

उत्तर (फोंडा)

नमस्कार बाई. पेनड्राइव्ह ठीक आहे आणि आपल्या चिरंजीवांची कृतीही बरोबर आहे. एन२७० हा २००८ चा प्रोसेसर असून त्याला केवळ ३२-बिट सूचना समजतात; संदेशातला आय६८६ म्हणजे हेच. पुढे २०१० मध्ये आलेल्या एन४५० मध्ये ६४-बिटची सोय आहे, म्हणूनच बाहेरून हुबेहूब आपल्यासारखे दिसणारे दुसऱ्या कोणाचे नेटबुक नवे लिनक्स चालवते आणि आपले चालवत नाही.

३२-बिटचा काळ सरत आला आहे, हे आधीच माहीत असलेले बरे. उबुंटूने आपल्या मुख्य डेस्कटॉपची ३२-बिट प्रत १७.१० या आवृत्तीपासूनच बंद केली. डेबियन या दुसऱ्या लिनक्सने मात्र ती पुष्कळ वर्षे सांभाळली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून अशा संगणकांसाठी इन्स्टॉलर व कर्नल देणे थांबवले. म्हणून आपल्याला जून २०२३ मध्ये आलेली डेबियन १२, किंवा तिच्यावरच उभारलेली अँटिक्स २३, यांपैकी एकीची ३२-बिट प्रत घ्यावी लागेल. डेबियन १२ ची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत जाहीर झालेली आहे, तेव्हा तीन वह्यांच्या कामाला अवधी पुरेसा आहे.

मी स्वतः अँटिक्स सुचवीन. त्यातील आइसडब्ल्यूएम हा विंडो-व्यवस्थापक अतिशय हलका आहे. माझ्याकडच्या अशाच एका नेटबुकवर सुरू झाल्यानंतर, कोणताही प्रोग्रॅम न उघडता, दीडशे एमबीच्या आत रॅम व्यापली जाते. १ जीबीपैकी उरलेली जागा लिहिण्यासाठी मोकळी राहते, आणि खरा फरक तेथेच पडतो. नोम किंवा केडीईसारखे भरगच्च डेस्कटॉप याच यंत्रावर बसवता येतात, पण मग प्रत्येक क्लिकनंतर हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो आणि आपण वाट पाहत बसतो. ते दिवा लुकलुकणे म्हणजे रॅम संपून मजकूर डिस्कवरच्या स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमच्या पुरवणी जागेत, ढकलला जात असल्याची खूण असते.

त्यावर झेडरॅम हा चांगला उपाय आहे. यात रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून राखून त्यात जाणारा मजकूर दाबून, आकसून ठेवला जातो. एन२७० सारख्या मंद प्रोसेसरलाही हे आकसण्याचे काम फिरत्या डिस्कची वाट पाहण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. डेबियनच्या भांडारात, म्हणजे इंटरनेटवरच्या प्रोग्रॅम-साठ्यात, झेडरॅम-टूल्स नावाचे पॅकेज आहे, ते बसवून रॅमचा अर्धा भाग त्याला द्यावा आणि एलझेड४ ही पद्धत निवडावी. तीत मजकूर थोडा कमी आकसतो, पण प्रोसेसरवर ताण फार कमी येतो.

उत्तर (म्हापसा)

मी संगणक दुरुस्तीचे काम करतो, म्हणून लिनक्सच्या आधीचे थोडे सांगतो. आपल्याकडे कपाटात सात-आठ पावसाळे काढलेले यंत्र थेट वापरात आणणे बरे नाही. आपण ते एकदा सुरू करून पाहिलेलेच आहे, तरी आता चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढून दोन-तीन दिवस कोरड्या खोलीत, उन्हात नव्हे, उघडे ठेवावे. बॅटरी किंचितही फुगलेली दिसली तर ती पुन्हा लावू नये. ही नेटबुके बॅटरीशिवाय थेट चार्जरवर चालतात.

मग तळाचे छोटे झाकण उघडून रॅमची पट्टी बाहेर काढावी. खाऱ्या दमट हवेमुळे तिच्या सोनेरी दातांवर पातळ काळपट थर बसतो, आणि मग यंत्र कधी सुरू होते, कधी नुसता पंखा फिरतो. मी पांढऱ्या खोडरबराने ते दात एकाच दिशेने, वरून खाली हलकेच पुसतो, रबराचे कण ब्रशने झटकतो आणि पट्टी टक् असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवतो. लिनक्सच अडकते म्हणून माझ्याकडे आलेल्या कित्येक नेटबुकांत दोष एवढाच निघाला. पट्टी हातात असतानाच तिच्यावरची चिठ्ठी वाचून घ्यावी: आपल्या यंत्राला २०० पिनांची डीडीआर२ रॅम लागते आणि एन२७० बरोबरचा ९४५जीएसई चिपसेट २ जीबीच्या वर रॅम घेत नाही. दोन जीबीची जुनी पट्टी मिळाली तर जरूर घालावी. काही मॉडेलांत मात्र थोडी रॅम बोर्डावरच डकवलेली असते, त्यामुळे आधी पाहून मगच खरेदी करावी.

हार्ड डिस्कची तपासणी स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमने करावी आणि बदललेले व प्रलंबित सेक्टर हे दोन आकडे पाहावेत. ते शून्य नसतील तर वडिलांच्या वह्यांचे काम त्या डिस्कवर ठेवू नये. अडीच इंची साटा एसएसडी या यंत्रात थेट बसते. जुन्या साटा जोडणीमुळे तिचा पूर्ण वेग मिळणार नाही, परंतु फिरती तबकडी गेल्याने प्रोग्रॅम उघडण्याचा वेळ डोळ्यांना जाणवण्याइतका कमी होतो, आणि मांडीवर धक्का बसून डिस्क बिघडण्याचे भयही राहत नाही.

पुन्हा प्रश्नकर्त्या (डिचोली)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. रॅम पुसून बसवली, अँटिक्स २३ ची ३२-बिट प्रत घातली, आणि वायफायसुद्धा काही न करता लागले. त्यानंतर मात्र दोन दिवस मी एकाच ठिकाणी अडले. कोणतेही संकेतस्थळ उघडले की प्रमाणपत्र वैध नाही असे यायचे, आणि झेडरॅम-टूल्स घ्यायला गेले तर भांडाराची यादीच अजून वैध झालेली नाही असे उत्तर यायचे. शेवटी मुलाचे लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे गेले: यंत्राच्या मते जानेवारी २००८ चालू होता. घड्याळाचा सेल संपला होता. तो बदलला, तारीख लावली, आणि सर्व सुरळीत झाले. दुसऱ्या कोणाचे दोन दिवस जाऊ नयेत म्हणून हे लिहून ठेवते.

आता दोन अडचणी उरल्या आहेत. काही प्रोग्रॅमांच्या सेटिंगची चौकट पडद्यापेक्षा उंच असते, त्यामुळे खालचे मान्य करण्याचे बटण दिसतच नाही. दुसरे म्हणजे मराठी कळफलक कसा आणावा?

उत्तर (पेडणे)

बाई, पहिल्या अडचणीवर उपाय सोपा आहे. ऑल्ट कळ दाबून ठेवून त्या चौकटीत कुठेही माउसचे डावे बटण धरावे आणि चौकट वर ओढावी. तिचा वरचा भाग पडद्याबाहेर जातो आणि खालचे बटण समोर येते. ६०० ओळींच्या पडद्यावर उंचीचा प्रत्येक तुकडा मोलाचा आहे, म्हणून टास्कबार आपोआप लपेल असा करून ठेवावा. एखादी चौकट एवढ्यानेही आवरत नसेल तर एक्सरँडर या आज्ञेने सगळे चित्र तात्पुरते सव्वापट आकसून घेता येते. अक्षरे थोडी धूसर होतात, म्हणून काम झाले की पूर्ववत करावे.

मराठीसाठी बहुतेक ठिकाणी आयबस हा टंकलेखनाचा प्रोग्रॅम बसवायला सांगतात. ते चांगले आहे, पण १ जीबीच्या यंत्रात सतत पाठीमागे चालणारा आणखी एक प्रोग्रॅम कशाला ठेवायचा? आपण इनस्क्रिप्ट पद्धतीने लिहिणार असाल, तर लिनक्सच्या मूळ कळफलक-व्यवस्थेतच भारतीय मांडणी असते. इंग्रजी आणि देवनागरी अशा दोन मांडण्या लावून दोन्ही शिफ्ट कळा एकदम दाबल्या की भाषा बदलेल असे ठरवून घ्यावे. त्यासाठी वेगळी रॅम लागत नाही. इनस्क्रिप्ट १९९१ च्या भारतीय मानकातली मांडणी आहे. डाव्या हाताला मात्रा आणि उजव्या हाताला व्यंजने, अशी तिची रचना असल्याने मुळाक्षरे शिकवलेल्या व्यक्तीच्या ती आठवडाभरात अंगवळणी पडते.

आपण शिक्षिका आहात म्हणून एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. ळ हा शिफ्टसह एन या कळीवर मिळतो, त्याला शोधावे लागत नाही. पण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत कळफलकही भेद करतो: समुद्राच्या दर्यासाठी साधा र, हलन्त आणि य, तर डोंगरातल्या दऱ्यांसाठी शिफ्टसह जे या कळीवरचा ऱ, मग हलन्त, मग य. साध्या र ने ‘दुसऱ्या’ लिहायला गेल्यास य वर रफार चढतो आणि शब्द चुकतो. जुन्या पदांत ‘वाऱ्यावर’, ‘पुजाऱ्याने’ असे शब्द येणारच, आणि एकदा चुकीचे टंकले गेले की पुढे शोधतानाही सापडत नाहीत. फॉन्टसाठी लोहित देवनागरी किंवा नोटो पुरेसे आहेत. एवढ्या लहान पडद्यावर वेलांट्या आणि अनुस्वार स्पष्ट दिसावेत म्हणून अक्षर १६ पॉइंटांच्या खाली नेऊ नये.

लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस नको, असे माझे मत आहे. ते चालते, पण उघडायला वेळ घेते आणि आरतीच्या मजकुराला त्यातले बहुतेक काही लागत नाही. जीनीसारख्या साध्या संपादकात प्रत्येक आरतीची स्वतंत्र मजकूर-फाइल करावी, आणि पहिल्या ओळीत वहीचा क्रमांक व पान लिहावे. सजावट, पुस्तकाची मांडणी, छपाई हे सर्व मोठ्या लॅपटॉपवर शेवटी करता येईल.

उत्तर (मडगाव)

वरच्या सर्व सूचना योग्य आहेत, फक्त ब्राउझरबाबत बाईंना सावध करणे आवश्यक वाटते. क्रोमने ३२-बिट लिनक्सची साथ २०१६ मध्येच सोडली. फायरफॉक्सनेही आपल्या १४५ व्या आवृत्तीपासून ती थांबवली आहे, आणि १४० च्या दीर्घमुदतीच्या आवृत्तीला सुरक्षा-दुरुस्त्या सप्टेंबर २०२६ पर्यंत तरी मिळतील एवढेच जाहीर आहे. म्हणजे टंकलेखनासाठी हे यंत्र पुष्कळ टिकेल, पण बँकेचे किंवा सरकारी कामाचे संकेतस्थळ त्यावर उघडू नये. यूट्यूबवर आरतीची चाल ऐकण्याचा मोहही टाळावा. एन२७० ची त्यात दमछाक होते. ती चाल मोबाइलवर ऐकावी आणि नेटबुकाला लिहिण्याचे एकच काम द्यावे. गोव्यातल्या शाळांत जुने संगणक आणून त्यांवर लिनक्स घालण्याचा प्रयोग या शतकाच्या सुरुवातीला झाला होता, आणि अशा यंत्राला ठरावीक कामच द्यावे हा विचार मला आजही पटतो.

पुन्हा प्रश्नकर्त्या (डिचोली)

दोन शिफ्ट दाबून भाषा बदलण्याची सोय लागली. पहिल्या रविवारी अकरा पाने झाली; ‘पुजाऱ्याने’ तिसऱ्याच पानावर आला आणि पहिल्या फटक्यात बरोबर उमटला. काल तालमीत एका ऐंशी वर्षांच्या काकांनी पडद्यावरचे मोठे अक्षर चष्म्याशिवाय वाचले आणि वडिलांनी एका कडव्यात गाळलेली ओळ सांगितली. ती मी तेथेच, मूळ वहीत नाही अशी नोंद करून, लिहून घेतली.

आता शेवटचा प्रश्न. रोज रात्री फाइली पेनड्राइव्हवर घेते, पण परवा दोन फाइली मुलाच्या लॅपटॉपवर रिकाम्या निघाल्या. नेटबुकावर मात्र त्या शाबूत आहेत. बॅटरी नसल्याने वीज गेली की यंत्र तत्काळ बंद पडते, त्याचा हा परिणाम असेल का?

उत्तर (फोंडा)

विजेपेक्षा पेनड्राइव्ह काढण्याची घाई हे कारण अधिक संभवते. प्रत पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसले तरी लिनक्स काही मजकूर काही क्षण रॅममध्येच धरून ठेवते आणि सवडीने पेनड्राइव्हवर उतरवते. तेवढ्यात तो उपटला तर फाइलीचे नाव पोहोचते, आतला मजकूर पोहोचत नाही. म्हणून पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी त्याच्या चिन्हावर उजवे बटण दाबून अनमाउंट निवडावे, त्यावरचा दिवा स्थिर होईपर्यंत थांबावे, आणि मगच तो हातात घ्यावा. विजेसाठी जीनीच्या प्लगइनांमधील सेव्ह अ‍ॅक्शन्स सुरू करून दर दोन मिनिटांनी फाइल आपोआप जतन होईल असे ठेवावे. रिकाम्या निघालेल्या त्या दोन फाइली आज रात्रीच पुन्हा उतरवून घ्याव्यात.