मदत हवी आहे: पहिलं जुनं लष्करी पिस्तूल – लूगर घ्यावं की १९११?

कंप्रेसरवाला (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

ह्यूस्टनला राहतो. शिक्षण मेकॅनिकल, नोकरीही यंत्रांचीच. ग्रीनकार्ड आहे, त्यामुळे घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. रेंजवर अधूनमधून जातो आणि तिथली भाड्याची, प्लॅस्टिक फ्रेमची पिस्तुलं चालवतो. उत्तम चालतात, तक्रार काही नाही. पण त्यातलं एकही घरी आणावंसं वाटलेलं नाही. जुन्या लष्करी पिस्तुलांच्या टेबलापाशी मात्र पाय अडकतो.

त्यातही लूगर पी०८, हे जुनं जर्मन लष्करी पिस्तूल. त्याचा टॉगल (नळीमागचा दुमडणारा सांधा) उघडताना पाहिलाय का कुणी? गोळी सुटली की नळी आणि टॉगल एकत्रच थोडे मागे सरकतात. मग टॉगलच्या दोन गोल मुठी फ्रेमच्या उतारावर आपटतात आणि ताठ असलेला सांधा गुडघ्यासारखा वर दुमडतो. सांधा सरळ रेषेत आहे तोवर मागून कितीही दाब येवो, तो हलत नाही. किंचित वर ढकलला की आपसूक उघडतो. १९०० साली स्वित्झर्लंडच्या सैन्याने हे घेतलं, १९०८ ला जर्मन सैन्याने. तेही संगणकावरचं आरेखन (कॅड) नाही, संगणकावर चालणारी यंत्रं (सीएनसी) नाहीत अशा काळात.

आता मुद्दा. गन शोमध्ये एकाच डीलरकडे दोन पिस्तुलं पाहून आलोय.

एक लूगर, डीडब्ल्यूएम या जर्मन कारखान्याचं, चेंबरवर (काडतूस बसतं त्या भागावर) १९१७. काळंभोर, चकचकीत, फोटोत टाकावं असं. १,५०० डॉलर. 'सगळे नंबर जुळतात' असं त्याचं म्हणणं.

दुसरं एम१९११ए१ (अमेरिकी सैन्याचं पिस्तूल, थोडक्यात '१९११'), रेमिंग्टन रँड कंपनीचं. राखाडी-हिरवट रंग, जागोजागी घासलेलं, नळी नंतर बदललेली असावी. २,००० डॉलर.

दोन्ही झेपणार नाहीत. जे घेईन त्यातून वर्षातून चार-दोनदा गोळ्या झाडायच्याही आहेत, नुसतं कपाटात ठेवायचं नाही. शिवाय ह्यूस्टनची हवा म्हणजे बारा महिने कोकण. गंजाचं काय करायचं?

बायकोचा एक प्रश्न आहे, तोही इथेच टाकतो: 'जमवायला जगात दुसरं काही मिळालं नाही का, माणसं मारायचं यंत्रच हवं?' माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही.

---

जुनाबाजार:

पिस्तुलाआधी पुस्तक घ्या, हा या छंदातला सगळ्यात जुना सल्ला. लूगरवरचं एखादं चांगलं पुस्तक शंभरेक डॉलरला पडेल, पण हजाराची फसगत वाचवेल.

आता तुमच्या दोन पिस्तुलांबद्दल. इथे सगळी गंमत नंबरांत आहे.

लूगरचे भाग हाताने घासून-पुसून एकमेकांत बसवलेले असत. एकाचा भाग दुसऱ्याला बसेलच याची खात्री नव्हती. म्हणून पूर्ण नंबर फ्रेमवर आणि नळीवर, आणि त्याचे शेवटचे दोन आकडे जवळजवळ प्रत्येक लहान भागावर ठोकलेले: साइडप्लेट (बाजूची पट्टी), टेकडाउन लिव्हर (पिस्तूल खोलायची कळ), सेफ्टी, टॉगलचे तुकडे. सगळे जुळले तर ते पिस्तूल कारखान्यातून निघालं तसंच तुमच्यापर्यंत आलं. एक जरी वेगळा असला तरी संग्राहकाच्या लेखी किंमत धाडकन खाली येते. तेव्हा डीलरच्या बोलण्यावर जाऊ नका, भिंग घेऊन जा आणि त्याच्या परवानगीने साइडप्लेट काढून बघा. चेंबरवर १९१७ च्या जोडीला १९२० असंही दिसलं तर दचकू नका. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सैन्याने आपल्याकडची शस्त्रं सरकारी मालमत्ता म्हणून १९२० चा शिक्का मारून घेतली, त्याची ती खूण.

मला खटकतंय ते 'काळंभोर चकचकीत'. त्या काळच्या लूगरला गंज चढवून, तो घासून निळसर-काळा रंग आणत. तो खोल असतो पण आरशासारखा नसतो. आणि ट्रिगर, सेफ्टी, टेकडाउन लिव्हर हे भाग गवती पिवळ्या रंगाचे असायला हवेत. तेही काळे असतील तर कुणीतरी मागाहून पॉलिश करून रंग दिलाय, हे नक्की समजा. पॉलिश झालं की शिक्क्यांच्या कडा गोल, पुसट होतात, तेही बघा. असं लूगर माझ्या हिशेबी निम्म्या किमतीचं.

१९११ चं गणित उलटं. त्याचे भाग एकमेकांत बदलता यावेत, हाच मुळी सैन्याचा आग्रह होता, म्हणून लहान भागांवर नंबर नाहीतच. दुसऱ्या महायुद्धात कोल्टसोबत इथाका, यूनियन स्विच अँड सिग्नल ही रेल्वे सिग्नलवाली कंपनी आणि रेमिंग्टन रँड ही टाइपरायटरवाली कंपनी तीच पिस्तुलं बनवत होत्या. रेमिंग्टन रँडने सगळ्यात जास्त, पावणेनऊ लाखांच्या आसपास. शिवणयंत्रवाल्या सिंगरने जेमतेम ५००, म्हणून त्यांच्या पिस्तुलाच्या किमती ऐकून घाम फुटतो. युद्धानंतर सरकारी दुरुस्तीच्या कारखान्यांत हजारो पिस्तुलं उघडली गेली आणि इथाकाच्या फ्रेमवर कोल्टची स्लाइड (वरचा सरकता भाग) चढली. त्यामुळे नळी बदललेली असणं हा १९११ मध्ये दोष कमी, चरित्र जास्त. फ्रेमच्या डाव्या बाजूला तपासनिसाची एफजेए ही आद्याक्षरं आहेत का, आणि तो राखाडी-हिरवट फॉस्फेटचा थर सगळीकडे एकसारखा जुना दिसतो का, एवढं पाहा.

जाता जाता: १९०७ च्या अमेरिकी चाचण्यांत .४५ इंच मापाचं लूगरही उतरलं होतं. अखेर १९११ साली ब्राउनिंग या अभियंत्याने आखलेलं कोल्ट, म्हणजे हेच '१९११', जिंकलं. एकाच पिस्तुलातून दोन दिवसांत ६,००० गोळ्या, एकदाही न अडकता. तापलं की पाण्यात बुडवून पुन्हा सुरू. म्हणजे तुमची ही 'लूगर की १९११' चर्चा तशी शंभर वर्षांहून जुनी आहे.

---

घाटावरचा_मावळा:

वाचतोय, जळतोय. इथे कोल्हापुरात हे सगळं काचेपलीकडूनच बघायचं. लूगरचं ९ एमएम हे माप प्रतिबंधित बोअर, सामान्य परवान्यावर विषयच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाकडे दोनच शस्त्रं. संग्रह कसला करताय!

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीच्या आघाडीवर. शरण आलेल्या जर्मनांची पिस्तुलं जमिनीवर ढिगाने टाकलेली असत म्हणायचे. एकही आणलं नाही. आणायचा विचारही आला नाही म्हणत. त्यांना हवं होतं ते जर्मन घड्याळ, आणि तेही वरच्या साहेबाने घेतलं.

---

नवाकोरा_०७:

धागा भारी. मी एच-१बी वर आहे, ऑस्टिन. मला घेता येईल का?

---

जुनाबाजार:

@नवाकोरा, सरसकट नाही. बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. रेंजवर भाड्याने हातात घेतलेली सुद्धा त्यात येते, हे पुष्कळांना माहीत नसतं. अपवाद थोडे आहेत, त्यातला आपल्या लोकांना लागू पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. पण ग्रीनकार्ड रांगेत असताना इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. छंद थांबेल, फाइल थांबायला नको.

@कंप्रेसरवाला, तुम्ही टाइप ०३ चा क्युरिओ अँड रेलिक (जुन्या, संग्राह्य शस्त्रांचा) परवाना काढा. तीस डॉलर, तीन वर्षं. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली शस्त्रं दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी मागवता येतात. प्रत्येक देवघेव नोंदवही ठेवून लिहावी लागते आणि त्यावर धंदा करता येत नाही. सीएमपी ही संस्था सैन्यातली जुनी १९११ विकते. तिकडे नजर लावून बसू नका, ते नागरिकांनाच मिळतं, ग्रीनकार्डवाल्यांना नाही.

---

डॅलसची_मामी:

पुरुष मंडळींचं नंबर आणि पॉलिश चाललंय, मी वहिनींच्या बाजूने दोन शब्द लिहिते. घरात लहान मुलं आहेत का? टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवली तर मालकावर गुन्हा आहे. 'जुनं आहे, शोभेचं आहे' हे पोलीस ऐकत नाहीत आणि गोळीही ऐकत नाही. आधी सेफ, मग पिस्तूल.

माणसं मारायचं यंत्र, हे खरंच आहे. ते नाकारून छंद करणारे मला आवडत नाहीत. आमच्याकडे सासरे तलवारी जमवायचे, त्यांच्याशीही मी हेच भांडले.

---

कंप्रेसरवाला:

सगळ्यांचे आभार. आज भिंग घेऊन पुन्हा गेलो.

लूगरच्या फ्रेमचा नंबर ८२ ने संपतो. साइडप्लेटवर ३७. टेकडाउन लिव्हर काळाकुट्ट, गवती रंगाचा मागमूस नाही. चेंबरवरच्या १९१७ मधला ७ अर्धा पुसलेला. डीलरला दाखवलं, तर म्हणाला की त्याच्या वडिलांनी एका घराच्या लिलावात घेतलं होतं, जास्त माहिती नाही. बोलता बोलता १,१०० वर आला. रेमिंग्टन रँडवर एफजेए स्पष्ट आहे, थर एकसारखा आहे, पण तिथे तो एक डॉलर सोडायला तयार नाही.

नंबर जुळत नाहीत म्हणजे गोळ्या झाडताना एखादा भाग तुटला तरी हळहळ नाही, असा माझा हिशेब. बरोबर आहे ना?

मामी, मुलगी नऊ वर्षांची आहे. सेफचं बोलणं सुरू आहे. बायकोला एवढंच म्हणालो की या वस्तूने काय केलं असेल ते मला माहीत आहे आणि म्हणूनच ती कुणाच्या पॅंटच्या खिशात नव्हे, माझ्या कुलपात असलेली बरी. पटलं नाही तिला. पण टॉगल उघडून दाखवल्यावर 'हे शिलाई मशिनसारखं नाजूक आहे' म्हणाली. तूर्त तेवढं पुरे.

---

जुनाबाजार:

हिशेब बरोबर आहे. जुळणारे नंबर असलेल्या लूगरमधून गोळी झाडायला मी स्वतः धजत नाही. एक भाग तुटला की अर्धा पैसा गेला. तुमचं 'झाडायचं लूगर' आहे, त्यात निर्धास्त राहा. पण आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घ्या, स्प्रिंगा नव्या टाका, काढलेल्या जुन्या पिशवीत जपून ठेवा. गोळ्या ११५ ग्रेन वजनाच्या साध्या, पूर्ण धातूच्या आवरणाच्या. जादा दाबाच्या अजिबात नाहीत. जुनी लष्करी काडतुसं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, त्यांच्या टिकलीतले क्षार नळी खातात.

गंजासाठी: सेफमध्ये आतली हवा किंचित गरम ठेवून ओल टाळणारा विजेचा रॉड लावा आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवा. हाताळून झालं की तेलाच्या फडक्याने पुसा, घामाचे ठसे दोन दिवसांत तांबडे होतात. वर संग्रहालयात वापरतात तसल्या मेणाचा पातळ हात. आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका, अगदी मूळ जर्मन म्यान मिळालं तरी. कमावलेल्या चामड्यात ओल आणि आम्ल दोन्ही असतात. म्यान वेगळं, पिस्तूल वेगळं.

१,१०० ला घ्या. १,००० म्हणून बघा आधी.

---

कंप्रेसरवाला:

१,०५० ला ठरलं. केंद्रीय फॉर्म भरला, पडताळणी तिथल्या तिथे झाली. सेफ शनिवारी येतोय, तोवर पिस्तूल डीलरकडेच.

एक राहिलं: साइडप्लेटवरचं ३७ मूळच्या कुठल्या लूगरचं, हे शोधायला काही मार्ग आहे का? उगाच उत्सुकता.

---

जुनाबाजार:

नाही. निव्वळ दोन आकड्यांवरून काही निघत नाही, ३७ ने संपणारी लूगरं हजारोंनी असतील. पण साइडप्लेट काढाल तेव्हा आतल्या बाजूचा आणि कडेचा फोटो टाका. निदान रंग मूळचा आहे की तोही नंतर चढवलाय, ते सांगता येईल.