टीव्ही सर्वेक्षणाला परवानगी द्यावी का? सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. टीव्ही पाहण्याच्या सवयींचे सर्वेक्षण करणाऱ्या एका संस्थेचे प्रतिनिधी आज सोसायटीच्या कार्यालयात येऊन गेले. घरात टीव्ही किती, माणसे किती, मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण किती आणि फ्रिज, वॉशिंग मशीन, गाडी यांपैकी काय काय आहे, एवढेच घरोघरी जाऊन विचारायचे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. परवानगी द्यावी की नाही, याविषयी सभासदांनी रविवारच्या सभेपूर्वी येथे मत नोंदवावे.

ब-१०२: सचिवसाहेब, टीव्हीच्या सर्वेक्षणाला आमच्या फ्रिजशी काय देणेघेणे आहे? हे प्रश्न काहीतरी विकायला येणाऱ्यांचे वाटतात. माझी हरकत नोंदवून घ्यावी.

अ-४०३: ताई, शंका रास्त आहे. मी निवृत्त होईपर्यंत जाहिरातींसाठी वाहिन्यांवरची वेळ विकत घेण्याचेच काम केले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फ्रिजचा प्रश्न या व्यवसायात अगदी मध्यवर्ती आहे. आपल्याकडे २०११ पासून घरांची जी वर्गवारी रूढ झाली, तिच्यात उत्पन्न विचारतच नाहीत, कारण उत्पन्नाचे खरे उत्तर सहसा मिळत नाही. त्याऐवजी मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि ठरावीक ११ वस्तूंपैकी घरात असलेल्या वस्तूंची संख्या, या दोहोंचा कोष्टकात मेळ घालून घराला अ-१ पासून इ-३ पर्यंतच्या १२ पायऱ्यांपैकी एक पायरी दिली जाते. या वस्तूंमध्ये विजेच्या जोडणीपासून एसीपर्यंत सगळे येते आणि शेतजमीनही येते. मोटारीची जाहिरात करणाऱ्याला सर्व प्रेक्षक नको असतात. त्याला मोटार घेऊ शकणारे प्रेक्षक हवे असतात आणि त्यांच्यासाठी तो जास्त दर मोजायला तयार असतो. वाहिनी कार्यक्रम दाखवते हे खरे, पण तिचा धंदा प्रेक्षकांचे लक्ष जाहिरातदाराला विकण्याचा आहे.

क-२०५: म्हणजे आमची आवडती मालिका बंद पडली, ती लोक पाहत नव्हते म्हणून नव्हे तर आम्ही गिऱ्हाईक म्हणून कामाचे नव्हतो म्हणून, असेच ना काका?

अ-४०३: त्या विशिष्ट मालिकेचे कारण मी सांगू शकणार नाही, पण असे घडते आणि त्याचा ठळक दाखला अमेरिकेत आहे. तिथल्या सीबीएस या नेटवर्कने १९७१ मध्ये ग्रामीण पार्श्वभूमीच्या मालिका एकापाठोपाठ एक बंद केल्या. त्यांतल्या काही तेव्हाही देशातल्या पहिल्या वीस कार्यक्रमांत होत्या. त्यांचा प्रेक्षक वयस्क आणि खेड्यापाड्यांतला होता आणि जाहिरातदारांना शहरातले तरुण हवे होते, एवढाच त्यांचा गुन्हा. १८ ते ४९ या वयोगटाला अमेरिकी टीव्हीत जे महत्त्व आले, ते वाढवण्यात एबीसी या त्या काळी तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या नेटवर्कचा मोठा वाटा होता. एकूण प्रेक्षकसंख्येत ते मागे होते, पण तरुणांत त्यांची स्थिती बरी होती. आपल्या सोयीची फूटपट्टी बाजाराच्या गळी उतरवण्याचे इतके यशस्वी उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

क-२०५: आणखी एक विचारते. आमच्याकडे टीव्ही सुरू असतो आणि हे वर्तमानपत्रात डोके घालून बसलेले असतात. प्रेक्षक मोजणाऱ्या यंत्राला ते कसे कळते?

अ-४०३: वहिनी, कळत नाही, आणि या साऱ्या व्यवस्थेचे मर्म नेमके तिथेच आहे.

अशा सर्वेक्षणातून निवडलेल्या काही घरांत टीव्हीजवळ एक लहानसे यंत्र बसवतात. वाहिन्या आपल्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळून सोडतात आणि हे यंत्र ती खूण ओळखून कोणती वाहिनी लागली आहे हे नोंदवते. टीव्हीसमोर कोण आहे, हे मात्र यंत्राला आपणच सांगायचे असते. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एकेक बटण नेमून दिलेले असते, पाहुण्यांसाठीही बटण असते, आणि खोलीत आल्यावर ते दाबायचे व उठून जाताना पुन्हा दाबायचे, अशी शिस्त अपेक्षित असते. अमेरिकेत नील्सन कंपनीने १९८७ मध्ये ही पद्धत देशभरच्या मोजणीसाठी आणली. त्याआधीचे यंत्र केवळ संचावर कोणती वाहिनी लावली आहे एवढेच टिपत असे आणि पाहणाऱ्यांची नावे लोक कागदी डायरीत आठवून लिहीत. थोडक्यात, रेटिंगचा आकडा म्हणजे 'अमुक माणसाने खोलीत असल्याचे बटण दाबले होते' एवढीच नोंद. त्याला तो कार्यक्रम आवडला का, तो हसला का, की कंटाळून बसून राहिला, यातले काहीही त्या आकड्यात नाही.

आणि ते नसण्याचे कारण यंत्राची मर्यादा एवढेच नाही. रेटिंग हे मुळात सौद्याचे चलन आहे. विकणारा आणि घेणारा यांना एकच माप मान्य असले की व्यवहार होतो. ते माप अगदी अचूक असण्यापेक्षा ते दोघांनी मान्य केलेले असणे जास्त महत्त्वाचे ठरते. म्हणूनच ब्रिटनमध्ये १९८१ पासून 'बार्ब' ही सामाईक संस्था मोजणी करते आणि आपल्याकडे वाहिन्या, जाहिरातदार व जाहिरात संस्था या तिघांच्या संघटनांनी मिळून 'बार्क' स्थापन केली, जिचे आकडे २०१५ पासून येऊ लागले. पैसे देणाऱ्याला जे जाणून घ्यायचे असते, त्याच्याच मोजणीवर खर्च होतो.

याची उलट बाजू पाहण्यासारखी आहे. १९३६ या एकाच वर्षी नील्सन कंपनीचे संस्थापक आर्थर नील्सन यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या दोन प्राध्यापकांकडून रेडिओला जोडायच्या नोंदणी यंत्राचे हक्क घेतले आणि बीबीसीने रॉबर्ट सिल्व्ही यांना श्रोत्यांचा अभ्यास करण्यासाठी नेमले. बीबीसीला जाहिराती विकायच्या नव्हत्या. तिचा खर्च लोकांनी भरलेल्या परवाना शुल्कातून चाले. त्यामुळे ऐकणाऱ्यांची संख्या मोजतानाच ऐकलेले त्यांना कसे वाटले, हेही तिथे विचारले जाऊ लागले आणि पुढे त्यातून पसंतीचा शंभरपैकी निर्देशांक निघाला. थोड्याच लोकांनी पाहिलेला पण पाहणाऱ्यांना अतिशय भावलेला कार्यक्रम अशा मोजणीत उठून दिसतो. जाहिरातीच्या बाजारात मात्र त्याला कोणी विचारत नाही.

ब-१०२: काका, हे पटले. मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून एक भर घालते. 'एवढ्याशा घरांवरून सगळ्या देशाचे कसे कळणार' हा आक्षेप नेहमी घेतला जातो, पण तो चुकीच्या जागी घेतला जातो. नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या उचलाव्यात तसा निवडलेला असेल तर अचूकता देशाच्या लोकसंख्येवर फारशी अवलंबून नसते. ती नमुन्यातल्या घरांच्या संख्येवर अवलंबून असते. खरी अडचण लहान आकड्यांची आहे. समजा नमुन्यात १,००० घरे आहेत. एखादा कार्यक्रम १० टक्के घरांत पाहिला गेला, तर खरा आकडा साधारण ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असेल, असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. पण १ टक्का घरांत पाहिलेल्या कार्यक्रमाचा खरा आकडा ०.४ ते १.६ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. म्हणजे या आठवड्यात 'प्रेक्षक दुप्पट झाले' अशी घोषणा करणाऱ्या छोट्या वाहिनीच्या बाबतीत प्रत्यक्षात काहीही बदललेले नसू शकते.

अ-४०३: अगदी नेमके लिहिलेत. याच कारणाने छोट्या वाहिन्यांच्या आकड्यांत लबाडी करणे सोपे असते. मोजकी घरे फितवली तरी क्रम बदलतो. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी जे प्रकरण बाहेर काढले, त्यात यंत्र बसवलेल्या घरांना ठरावीक वाहिन्या लावून ठेवण्यासाठी पैसे दिल्याचा आरोप होता. त्यानंतर बार्कने वृत्तवाहिन्यांचे स्वतंत्र आकडे देणे थांबवले, आणि ते पुन्हा सुरू झाले ते मार्च २०२२ मध्ये, तेही चार आठवड्यांच्या सरासरीने. यंत्र कोणाच्या घरी आहे हे गुप्त ठेवतात, ते यासाठीच.

ड-३०१: काका, आमच्या पिढीने केबल कधीच सोडली. आम्ही ओटीटीवर काय पाहतो हे कंपनीला सेकंदासेकंदाने कळते, मग घरोघरी फिरण्याचा हा खटाटोप कालबाह्य नाही का?

अ-४०३: कंपनीला कळते, बाहेरच्यांना ती जेवढे सांगेल तेवढेच कळते, आणि मोजण्याची व्याख्याही तीच ठरवते. नेटफ्लिक्स एके काळी कार्यक्रमाचा ७० टक्के भाग पाहिला तर 'पाहिला' असे धरत असे. पुढे किमान दोन मिनिटे पाहिले तरी पुरे, असे ठरले. मग एकूण तास मोजले जाऊ लागले आणि २०२३ पासून त्या तासांना कार्यक्रमाच्या लांबीने भागतात. विकणाराच तराजू धरत असेल तर घेणारा किती दिवस गप्प बसेल? नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींसह स्वस्त योजना आणली आणि त्याच सुमारास ब्रिटनमध्ये बार्बच्या मोजणीतही ती सामील झाली, हा मला योगायोग वाटत नाही. शिवाय घरातला एकच मोबाइल किंवा एकच खाते चौघे वापरत असतील, तर समोर आजोबा आहेत की नातू, हे कंपनीलाही अंदाजानेच ठरवावे लागते.

ताईंनी खासगीपणाचा मुद्दा काढला म्हणून हेही सांगतो. सर्वेक्षणवाला निदान दारात उभा राहून विचारतो. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीच्या १ कोटी १० लाख स्मार्ट टीव्हींनी पडद्यावर काय चालले आहे याची माहिती मालकांच्या स्पष्ट संमतीशिवाय गोळा केली, आणि त्याबद्दल २०१७ मध्ये कंपनीला २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. ज्यांच्याकडे स्मार्ट टीव्ही आहे त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन पाहण्याची माहिती पाठवण्याचा पर्याय सुरू आहे का, हे एकदा तपासावे.

सचिव: सर्वांचे आभार. सभेपुढे पुढील प्रस्ताव ठेवत आहे. प्रतिनिधींनी ओळखपत्र दाखवून सुरक्षारक्षकाकडील वहीत नोंद करावी आणि दिवसा ठरलेल्या वेळेतच यावे. उत्तरे देणे पूर्णपणे ऐच्छिक राहील. पुढे कोणाच्या घरी मोजणीचे यंत्र बसवण्याविषयी विचारणा झाली, तर संबंधित सभासदांनी ती माहिती या ग्रुपवर अजिबात टाकू नये.

ब-१०२: या अटींवर मी हरकत मागे घेते. मात्र ते मोबाइल क्रमांक मागणार असतील, तर तो कशासाठी आणि किती काळ ठेवणार, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे.

सचिव: मान्य. उद्या त्यांना तसे पत्र देतो.