हवा सगळ्यांना सारखीच

विमानाच्या फर्स्ट क्लासमध्ये हवाही चांगली मिळते असं काही जण म्हणतात, पण ते बरोबर नाही. केबिनमधला दाब पुढपासून मागपर्यंत एकच असतो, साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा. फरक पडतो तो विमानामुळे. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये हा आकडा ६ हजारांच्या आसपास ठेवतात, म्हणजे हवा कमी विरळ. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये फर्स्ट क्लासला शॉवरसुद्धा आहे, पाणी पाच मिनिटं. पण खरं सुख म्हणजे आडवं होता येणं! इकॉनॉमीत एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंत जेमतेम ३१-३२ इंच. मुंबई-न्यूयॉर्कच्या पंधरा तासांत आईचे पाय इतके सुजले की चपला चढेनात. तेव्हापासून तिच्यासाठी आयल सीट (मधल्या वाटेलगतची) आधीच घेतो आणि दर दोन तासांनी तिला एक फेरी मारायला लावतो.