अल्फा रोमिओचा बिल्ला: चपटा, पण बोलका
जॅग्वार गाडीच्या बॉनेटवर झेप घेणाऱ्या जॅग्वारची छोटी मूर्ती असायची; तिच्यापुढे इतर गाड्यांचे चपटे गोल बिल्ले म्हणजे निव्वळ नावाच्या पाट्या, असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. झेप देखणी आहेच, वाद नाही. पण अल्फा रोमिओ या इटालियन कंपनीच्या जुन्या गाडीचा बिल्ला जवळून बघा. डावीकडे मिलान शहराचा लाल क्रूस, उजवीकडे मिलानवर पूर्वी राज्य करणाऱ्या व्हिस्कोंती घराण्याचा मुकुटधारी साप, आणि त्याच्या जबड्यात अर्धा माणूस! गाडीवर असलं चित्र लावायला छाती लागते.

शिवाय त्यावरून गाडीच्या काळाचा अंदाज बांधता येतो. भोवतीचं लॉरेलच्या पानांचं कडं १९२५ मध्ये मोटार शर्यतींचं जागतिक अजिंक्यपद जिंकल्यानंतरचं. कडेच्या निळ्या पट्ट्यातल्या दोन गाठी इटलीच्या सॅव्हॉय राजघराण्याच्या. १९४६ मध्ये इटलीत राजेशाही गेली आणि त्यांच्या जागी नागमोडी रेघा आल्या. पुढे मिलानबाहेर, नेपल्सजवळही कारखाना निघाल्यावर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पट्ट्यातला 'मिलानो' (मिलानचं इटालियन नाव) हा शब्दही गेला. म्हणून साठच्या दशकातली म्हणून दाखवलेली गाडी आणि बिल्ल्यावर 'मिलानो' नाही, असं दिसलं की समजायचं, बिल्ला नंतर बदललाय. (विकणारा 'सगळं ओरिजिनल' म्हणत असला तरी.)