मंगळवारी पॅरिस, सोबत आई

जळगावकर: पॅरिसला एकच दिवस आहे, मंगळवार. आईचं वय 68, गुडघे धरतात. लूव्र संग्रहालय आणि आयफेल मनोरा दोन्ही जमेल का?

भुसावळची सून: अहो, मंगळवारी लूव्र बंद असतं! नोत्र-दाम चर्च बघा, आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये उघडलं, आत जायला तिकीट नाही. आयफेलचं मात्र लिफ्टचंच काढा. दुसऱ्या मजल्यापर्यंत 674 पायऱ्या. आमचे हे हौसेनं चढले, मग दोन दिवस लंगडत होते. दुपारी सेन नदीकाठी बाकावर दशम्या न् शेंगदाण्याची चटणी सोडली, तर कबुतरं टपलेलीच!

यावलवाला: काकूंना बोटीत बसवा. तासाभरात बरंच काही बसल्या जागी दिसतं.

जळगावकर: आई म्हणते, "मनोरा खालूनबी दिसतो ना? दशम्या किती घेऊ ते सांग."